तुम्ही कुणाच्या?

माझ्या सहकारिणीबद्दल मला जे वाटायचं त्याला मत्सर म्हणतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार चांगली समजणार नाही.

ती आमच्या केंद्रात आली तेव्हा मला तिथे पाच वर्षं झाली होती. घरात मार खाणाऱ्या बायका आमच्याकडे येतात. त्यांचं ऐकून घ्यायचं, जिवाला धोका किती आहे ते बघायचं, जखमांची नोंद करायची आणि मग दवाखाना, पोलीस की निवारा ते ठरवायचं, हे आमचं काम. ती पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरूला आलेली, सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर राहणारी. स्वतःची कंपनीतली नोकरी सोडून, समुपदेशनाचा अभ्यास करून, मंगळवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे यायची. मी तिला मनातल्या मनात ‘चौदावा मजला’ म्हणायची.

तिची आजी मॅट्रिक होती. हे ती ‘आजीला गोड आवडायचं’ इतक्या सहज सांगायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील जयनगरला बाजारामागच्या गल्लीत बायकांचे ब्लाउज शिवायचे. माझी पदवी त्यांनी काच लावून दुकानातच टांगली, शिलाई मशीनच्या वर, व्यंकटेशाच्या आणि अंबाबाईच्या मधे. घरी नाही लावली. “घरी कोण बघणार?” म्हणाले.

आमची माणसं कुठल्याशा सैन्याबरोबर तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आली आणि परत गेलीच नाहीत, असं घरात सांगतात. त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड मुरलेलं. मी ‘स्वल्प थांब’ म्हटलं की चौदावा मजला टाळी वाजवायची. “अगं, किती क्यूट बोलतेस तू!” मला तो शब्द मांजराच्या पिल्लाला म्हटल्यासारखा लागायचा.

पण काम मला येत होतं. आमच्याकडे वीस प्रश्नांचा एक फॉर्म आहे. अलीकडे मारणं वाढलंय का? घरात कोयता, सुरा असं काही त्याने कधी दाखवलंय का? जिवे मारीन म्हणतो का? गळा दाबलाय का? हे वीस प्रश्न मला मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत आणि मोडक्या तमिळमध्ये पाठ होते. जखमेचे फोटो तीन काढायचे, लांबून एक, मधून एक, अगदी जवळून एक. शेजारी माप दिसलं पाहिजे. त्यासाठी बाकीच्या पट्टी ठेवतात. मी वडिलांची टेप वापरायची, पिवळी, टोकाला पितळी पत्रा असलेली. दंडावर ती नीट बसते, पट्टी बसत नाही. आणि बाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आपल्याला वाटलं ते नाही. नव्या मुली आल्या की आमच्या मॅडम माझ्याच फाइली त्यांच्यापुढे ठेवायच्या. “असं लिहायचं,” म्हणायच्या. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख, वकिली करून निवृत्त झालेल्या, बोलायला कन्नड आणि फटकळ.

तर अशी मी. आणि ही बाई आल्यापासून बायका तिच्याकडे जाऊ लागल्या. तिला कन्नड ‘ऊटा आयिता’च्या पुढे येत नव्हतं. जेवण झालं का एवढं विचारून झालं की गाडी हिंदीवर. तरी बायका तासतास तिच्यासमोर बसायच्या, आणि बाहेर येताना माझ्याकडे न बघता चपला घालायच्या. मी येण्याजाण्याची वही उघडून बघू लागले, आज कुणी कुणाला मागितलं. फॉर्मवर एक प्रश्न आहे, ‘तुम्ही कुणाशी बोलता, किती वेळ बोलता, यावर तो पाळत ठेवतो का?’ हा प्रश्न मी रोज शांत आवाजात विचारायची. आणि विचारून झाला की भिंतीवरच्या घड्याळात बघायची, पलीकडचं, तिच्या खोलीचं दार बंद होऊन किती वेळ झाला ते.

एका मंगळवारी एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात पॅकिंगला. कन्नडमध्ये बोलायला लागली, पण दोन वाक्यांत मी ओळखलं, ही आपल्यातली. तो हेल कानाला कळतोच. मी मराठीवर आले. मनात म्हटलं, आता बघू चौदावा मजला काय करतो. ही माझी.

इथे वडिलांच्या दुकानाबद्दल सांगितलं पाहिजे. पहिल्यांदा माप द्यायला आलेली बाई काठीसारखी उभी राहायची. वडील टेप गळ्यातच ठेवायचे आणि विचारायचे, “तुम्ही कुणाच्या?” मग माहेर कुठलं, सासर कुठलं, अमक्यांची जाऊ तुमची कोण, असं करत करत कुठेतरी नातं लागायचंच. आमची माणसं इथे आहेतच किती! नातं लागलं की बाईचे खांदे खाली यायचे, आणि वडील टेप काढायचे. “ताठ खांद्याचं माप घेतलं तर ब्लाउज काखेत धरतो,” म्हणायचे. ही विद्या मला कॉलेजने दिली नव्हती, त्यांनी दिली होती. आपल्यातली कुणी आली की मी ती वापरायची.

“तुम्ही कुणाच्या?” मी विचारलं.

“माहेर होस्कोटेकडचं.”

“आणि सासर?”

तिने आडनाव सांगितलं, गल्ली सांगितली.

“अय्यो! म्हणजे देवळामागचे ते? मग त्या भाजणी करून विकतात, त्या तुमच्या मावससासू की! दरवर्षी हळदीकुंकवाला भेटतात मला. आमच्या चकल्या त्यांच्याच भाजणीच्या.”

“हौं,” ती म्हणाली.

खांदे खाली यायला हवे होते. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन गळ्याशी धरला. मला ते आवडलं. आपल्या बायका कशा व्यवस्थित, असं वाटलं.

मी फॉर्म घेतला. हात उचलतो? “उचलतो कधी कधी.” वाढलंय? “नाही.” जिवे मारीन म्हणतो? “रागात कोण काय म्हणत नाही, अक्का.” मी ‘नाही’वर खूण केली. गळा दाबलाय कधी?

“नाही की.”

“आवाज का असा?”

“सर्दी.”

“मिरी घालून कषाय करून प्या. दोन दिवसांत मोकळा होईल.”

आणि मी लिहिलं, ‘सर्दीमुळे आवाज बसलेला’. नव्या मुलींपुढे माझ्या फाइली कशासाठी ठेवायच्या ते वर सांगितलंच आहे.

डाव्या दंडावर काळंनिळं होतं. वडिलांची टेप लावून तीन फोटो काढले. फाइलवर पिवळा स्टिकर लावला. आमच्याकडे हिरवा, पिवळा, लाल असे तीन असतात, पिवळा म्हणजे लक्ष ठेवायचं, घाई नाही. “घाबरण्यासारखं काही नाही, पुढच्या मंगळवारी या,” असं म्हणून दारापर्यंत सोडायला गेले. पाण्याच्या फिल्टरपाशी चौदावा मजला बाटली भरत उभी होती. तिने त्या बाईला आधी प्यायला ग्लास दिला. मी मधे पडून म्हटलं, “आणि हे बघा, मी मावससासूंना काही बोलणार नाही हां. काळजी नको.”

हे मी धीर द्यायला बोलले होते.

गुरुवारी दुपारी ती परत आली. अर्धी पाळी टाकून आली होती, हातात डब्याची पिशवी. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, “त्या दुसऱ्या मॅडम आहेत का?”

“कोण दुसऱ्या?”

“उंच. हिंदी बोलतात त्या.”

“त्या कामात आहेत. या ना, तुमची फाइल माझ्याकडेच आहे.”

“नको, अक्का. मी बसते. सुम्ने.”

सुम्ने म्हणजे अशीच, उगीच. अशीच ती पाऊण तास बाकावर बसली. मी चहा नेऊन दिला, तो तिने शेजारच्या म्हातारीला दिला. मग पलीकडचं दार उघडलं, ती आत गेली, दार लागलं. मी घड्याळ बघितलं. माझ्यासमोर दुसरी फाइल होती, तिच्यातली एक ओळ मी चार वेळा वाचली. मधे एकदा आतून हसण्याचा आवाज आला. दोघींचा. पाच वर्षांत मार खाऊन आलेल्या एकाही बाईला मी कधी हसवलं नव्हतं. आपली मराठी, आपली अक्का, आपल्या चकल्या, आणि हसायला ही चौदाव्या मजल्यावर!

तास उलटून गेल्यावर सहकारीण एकटीच बाहेर आली. दार ओढून घेतलं, माझ्याजवळ वाकली.

“हिची मंगळवारची फाइल दे. गळा दाबलाय त्याने. दोनदा. दुसऱ्यांदा रविवारी. डोळ्यांपुढे अंधार आला म्हणते, कपड्यात लघवी झाली. अजून गिळताना दुखतंय.”

“मला नाही म्हणाली.”

“मला हो म्हणाली.”

“तुझ्याकडे कुणीही आलं की लालच स्टिकर. संपत आले लाल. आता कुंकू लाव.”

“हे आत्ता बोलायचंय का?”

“तू हिंदीत विचारलंस. तिला हिंदी येतं किती? मी तिच्या भाषेत विचारलं. तिच्या मराठीत!”

“तेच तर,” ती म्हणाली आणि थांबली.

“काय तेच?”

“काही नाही.”

“नाही, बोल. क्यूट मराठीत विचारलं म्हणून?”

तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती अगदी हळू म्हणाली, “तू तिच्या मावससासूला ओळखतेस. ती मावससासू आज सकाळपासून घरी येऊन बसलीये, मिटवायला. ‘पाच वाजता ये, पाया पड, विषय संपला,’ असा फोन आलाय. ही जाणार म्हणते. मी कितीही सांगितलं तरी एकच म्हणते, ‘मंगळवारच्या अक्कांनी बघितलंय सगळं, त्या शिकलेल्या आहेत, घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या.’”

साडेतीन वाजले होते.

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. कन्नडमध्ये म्हणाल्या, “एकाच बाईचे दोन दिवसांत दोन फॉर्म, एकात नाही, एकात हो. उद्या हे कोर्टात गेलं तर समोरचा वकील पहिला फॉर्मच हातात धरेल. आधी तू बघितलंस. बोल.”

मॅडमना माझं म्हणणं हवं होतं, तिचं नाही. पाच वर्षं मी याच क्षणासाठी नीटनेटकी अक्षरं काढत होते असं वाटलं. “मंगळवारी माझ्यासमोर अशी काही खूण नव्हती,” मी म्हटलं. “फोटो आहेत. दाखवते.”

हे मी चौदाव्या मजल्याला खोटं पाडायलाच म्हटलं. फाइल उघडली. जवळून काढलेला फोटो सुरेख आला होता, डाग, टेपवरचे आकडे, सगळं स्वच्छ. मधून काढलेलाही. लांबून काढलेला फोटो सहसा कुणी बघत नाही, तो फक्त हा हात हिचाच आहे हे कळण्यापुरता असतो. त्यात ती खुर्चीत बसली होती, दंड पुढे केलेला. दंड दाखवायला पदर सरकवला होता, त्यामुळे एका बाजूने तो गळ्यावरूनही घसरला होता. कानाखाली, जबड्याच्या कडेला, एक लांबट तांबडा डाग होता. त्याच्या खाली दुसरा. बोटं असतात तसे, एकाखाली एक.

टेपही होती फोटोत. माझ्या वडिलांची. दंडावर.

मी तो फोटो टेबलावर ठेवला. चौदावा मजला टोचून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी माझ्या फॉर्मवरची ‘सर्दीमुळे’ ही अक्षरं बघत होते. गळा दाबला की आवाज बसतो, गळ्यावर कधी काही दिसतही नाही, आणि ज्या बाईचा गळा एकदा दाबलाय तिच्या जिवाला फार मोठा धोका असतो, हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते.

“मी चुकले,” मॅडमना म्हटलं. “दुसरा फॉर्म खरा.”

“मला सांगून काय होणार? तिला सांग,” मॅडम म्हणाल्या.

आत गेले. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पिशवी मांडीवर. मला बघून पदर गळ्याशी गेला. मी तिच्याजवळ बसले नाही, दारापाशीच उभी राहिले.

“मंगळवारी मी म्हटलं घाबरण्यासारखं नाही,” मी म्हटलं. “ते चूक होतं. आहे घाबरण्यासारखं. आज घरी जाऊ नका. आधी दवाखाना.”

“तुम्ही तर सगळं लिहून घेतलं, अक्का.”

“चुकीचं लिहिलं.”

मग तिने असं काही विचारलं की ते मला अजून आठवतं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “कॉलेज शिकलेल्यापण चुकतात?”

“हौं,” मी म्हटलं. “मी तर घरात पहिलीच शिकलेली. सांगायला कुणी नव्हतं.”

ती जरा हसली. माझ्यासमोर हसली ती तेवढीच. मग परत गंभीर झाली. “मावशींना कळेल.”

“माझ्याकडून नाही. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. तुमची फाइल यापुढे या मॅडमकडे. मी हात लावणार नाही. मी फक्त माझी चूक लिहून ठेवते, म्हणजे कुणी म्हणणार नाही की तुम्ही आधी नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं.”

पहिला फॉर्म फाडायचा नसतो. खोडायचाही नसतो. त्याला जोडून नवा कागद लावायचा. मी तिच्यासमोरच कन्नडमध्ये लिहिलं, कारण तिला कन्नड वाचता येत होतं. मंगळवारी मी सुरुवातीलाच तिच्या सासरची चौकशी केली. सासरच्या एका बाईंशी माझी ओळख आहे हे बोलून दाखवलं. त्यानंतर गळ्याबद्दलच्या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणाली. आवाज बसल्याचं कारण मी तपासलं नाही. पहिल्या फोटोत कानाखाली दोन खुणा दिसतात, त्या मी तेव्हा पाहिल्या नाहीत.

खाली सही केली. सहीपुढे मी नेहमी पदवी लिहिते, बी.ए., एम.एस.डब्ल्यू. पेन तिथे अडलं. मग लिहिली. मिळवलेली आहे, चोरलेली नाही.

तिने कागद वाचला, बोट फिरवत, सगळा. डब्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि माझ्या सहकारिणीला म्हणाली, “चला.”

दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. मी फाटकापर्यंत गेले नाही, खिडकीतून बघितलं. रिक्षात बसताना सहकारिणीने आपली ओढणी तिच्या गळ्याभोवती सैल गुंडाळली. पाच वाजता मी घड्याळ बघितलं, मग सव्वापाचला. सहा वाजता फोन आला. घशात आतून सूज होती, डॉक्टरांनी लक्ष ठेवायला रात्रीपुरतं ठेवून घेतलं होतं. तिथून तिला निवाऱ्यात नेणार होते. फोन ठेवताना सहकारीण म्हणाली, “तुझा तो लांबचा फोटो डॉक्टरांनी मागून घेतला. म्हणाले, काढलाय व्यवस्थित.” तिने हे चांगल्या मनाने सांगितलं, आणि तेच मला सहन झालं नाही. तिने एकदा तरी हिणवायला हवं होतं.

त्या वर्षी मी हळदीकुंकवाला गेले नाही. भाजणी दुसरीकडून आणली, चकल्या बिघडल्या. वडिलांनी विचारलं, काय झालं? सगळं सांगितलं, नावं सोडून. ते टेप बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, “माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना लपवायचं काही नसायचं. जिला असेल तिचे खांदे वरच राहायचे. मला वाटायचं, हिची ठेवणच तशी, हिला ब्लाउज काखेतच धरतो.”

आता आपल्यातली कुणी आली की मी पहिल्यांदा वेगळं वाक्य बोलते. “मी इथलीच आहे, तुमची माणसं माझ्या ओळखीची निघू शकतात. पलीकडे एक मॅडम बसतात, त्यांना इथलं कुणीच ओळखत नाही. तुम्हाला कोण हवं?” बहुतेक जणी पलीकडे बोट दाखवतात. मी उठून दार उघडून देते. दर वेळी टोचतं, आणि नजर घड्याळाकडे जाते. सवय होईल म्हणतात. झालेली नाही.

तीनेक महिन्यांनी एका शनिवारी केंद्रातला फोन मी उचलला. पलीकडून बाईचा आवाज, कन्नडमध्ये, हेल आमचा.

“त्या उंच मॅडम आहेत का?”

मी लगेच ओळखलं नाही. कारण असा आवाज मी ऐकलाच नव्हता, मोकळा, घंटेसारखा, जरा वरच्या पट्टीतला. असा असतो तर हिचा आवाज.

“आहेत,” मी म्हटलं. “स्वल्प थांबा.”

आणि पलीकडचं दार वाजवून फोन तिच्या हातात दिला.